पंचेचाळीस अंशांच्या मुलुखात साडेसदतीस अंश

कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर यायला सलग २१ दिवस ३७.५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. मे महिन्यात अकोला-अमरावतीत भर दुपारी सावलीतला पारा ४४-४५ च्या आसपास असतो. अकोल्यात तो ४७ च्या पुढे गेल्याच्याही नोंदी आहेत. म्हणजे अंड्याला हवी त्याहून सुमारे सात अंश जास्त उष्णता वऱ्हाडात दाराबाहेर फुकट पडलेली असते. तरीही इथली तरुण मुलं थर्माकोलची पेटी आणतात, तिच्यात बल्ब आणि छोटा पंखा बसवतात, थर्मोस्टॅट जोडतात, पाण्याची वाटी ठेवतात आणि रात्री उठून आकडा बघतात. उष्णता बाहेर असताना ही पेटी नेमकं काय मिळवून देते?

या प्रश्नाच्या मागे लागलं की अंडं बंद वस्तू राहत नाही. ते हवा आत घेतं, बाहेर सोडतं, पाणी गमावतं, ठरावीक उष्णतेखाली थांबून राहतं आणि शेवटी आतून आवाजही देतं. घरी अंडी उबवणं म्हणजे या जिवाचं आणि आपल्या गावच्या हवेचं जमवून देणं. वऱ्हाडची हवा वर्षातून तीनदा स्वभाव बदलते, म्हणून हे काम इथे जितकं अवघड, तितकंच विलक्षण.

थांबून राहिलेला जीव

किराणा दुकानात ट्रेमध्ये रचलेली पांढरी अंडी कितीही उबवली तरी त्यांतून काही निघत नाही. लेयर फार्मवर कोंबडा नसतो. कोंबडी त्याच्याशिवायही अंडी घालत राहते, पण ती फलित नसतात. पिल्लं हवी असतील तर आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा असलेल्या घरची गावरान अंडी लागतात. कोंबडा आणि कोंबडी एकदा एकत्र आले की शुक्राणू कोंबडीच्या अंडनलिकेतल्या अतिसूक्ष्म नळ्यांमध्ये दोन-दोन आठवडे जिवंत राहतात. रोज एक नवा बलक सुटतो आणि रोज त्या साठ्यातून त्याचं फलन होतं.

फलन झाल्यावर पांढरा बलक, पापुद्रे आणि कवच चढून अंडं पूर्ण व्हायला साधारण २५ तास लागतात. हा सगळा वेळ ते कोंबडीच्या ४१ अंशांच्या शरीरात असतं, म्हणून गर्भाची वाढ तिथेच सुरू होते. खुराड्यातून उचललेलं ताजं अंडं हातात येतं तेव्हा पिवळ्या बलकावरच्या पांढुरक्या ठिपक्यात साधारण पन्नास हजारांच्या घरात पेशी झालेल्या असतात. मग अंडं थंड होतं आणि ही सगळी वाढ थांबते. गर्भ मरत नाही, फक्त थांबून राहतो.

कोंबडीला याचा केवढा उपयोग! ती रोज किंवा एक दिवसाआड एक, अशी दहा-बारा अंडी साठवते आणि शेवटी सगळ्यांवर एकदम बसते. पहिलं अंडं दोन आठवडे जुनं असतं, शेवटचं कालचं. तरी सगळ्यांचं घड्याळ एकाच क्षणी सुरू होतं आणि पिल्लं फार तर एका दिवसाच्या फरकाने बाहेर येतात.

ही थांबण्याची सीमा साधारण २० ते २५ अंशांच्या दरम्यान आहे आणि वऱ्हाडचं पहिलं आव्हान इथेच उभं राहतं. डिसेंबरात स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलेलं फलित अंडं निवांत थांबून राहतं. एप्रिल-मेमध्ये त्याच फळीवर ३६-३८ अंश असतात. गर्भ अर्धवट जागा होतो, रात्री मंदावतो, दुपारी पुन्हा धावू लागतो आणि अशा ओढाताणीत चार-पाच दिवसांत संपतो. उन्हाळ्यातली अंडी लवकर खराब होतात असं सगळे म्हणतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. फ्रिजचे चार-पाच अंशही गर्भाला मानवत नाहीत. १५ ते १८ अंश उत्तम, आणि तेही आठवड्याच्या आत. फ्रिज आणि फळी यांच्या मधला मार्ग वऱ्हाडात जुनाच आहे: मातीच्या मडक्यात ओली वाळू, तिच्यावर अंडी, वर ओलं फडकं. मे महिन्याच्या कोरड्या हवेत पाणी इतक्या वेगाने उडतं की बाहेर ४३ अंश असताना अशा मडक्यात पारा पंचविशीपर्यंत उतरू शकतो. अंडी तिथे पुरती थांबली नाहीत तरी धावत सुटत नाहीत. दोन-तीन दिवस ठेवून लगेच उबवायला लावली तर तेवढं पुरतं.

खुडूक कोंबडीला काय कळतं

कोंबडी खुडूक झाली की तिचा सगळा स्वभाव पालटतो. पिसं फुगवून ती घशातल्या घशात गुरगुरते, जवळ येणाऱ्या हाताला चोच मारते, दाणा-पाणी विसरते. तिच्या रक्तात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढलेलं असतं आणि अंडी घालणं बंद झालेलं असतं. वऱ्हाडातल्या घरांत तिला टोपल्यात कुटार पसरून अंधाऱ्या कोपऱ्यात बसवतात. नातू डोकावायला गेला की आजी दटावते, ‘काहून हात लावतं रे? बसू दे तिले!’ काही घरांत त्याच टोपल्यात लोखंडाचा तुकडा किंवा कोळसा ठेवतात, विजेच्या कडकडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून.

बसल्या जागी ही कोंबडी जे करते ते थक्क करणारं आहे. छातीवरची पिसं गळून तिथली रक्ताने तापलेली उघडी कातडी सरळ अंड्यांना टेकते. त्या कातडीतूनच तिला अंड्यांची ऊब जाणवते आणि त्यानुसार ती चिकटून बसते किंवा जरा सैल होते. कडेची अंडी चोचीने मध्ये ओढते, मधली कडेला सारते. दिवसातून कितीतरी वेळा अंडी फिरवते. गर्भ हलका असल्याने वर तरंगतो आणि एकाच जागी राहिला तर कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटून मरतो. फिरवल्याने हा धोका टळतो, शिवाय त्याच्या रक्तवाहिन्या सगळ्या बाजूंनी नीट पसरतात. दिवसातून एकदा ती पंधरा-वीस मिनिटांसाठी उठते, खाते, पाणी पिते, धुळीत अंघोळ करते आणि परत येऊन बसते.

खुडूक झालेली कोंबडी अंडी देत नाही. त्यामुळे अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या न बसणाऱ्या कोंबड्या निवडल्या. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते आणि मधूनमधून बसते. लेगहॉर्न जातीपासून तयार झालेली फार्मची कोंबडी तीनशेच्या आसपास देते आणि बसणं जवळजवळ विसरून गेली आहे. सातपुड्याच्या पलीकडे झाबुआकडची कडकनाथ, जिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तीही अंड्यांवर फारशी बसत नाही. तिची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवतात किंवा यंत्रात. माणसाने कोंबडीच्या स्वभावातून जे काढून घेतलं, ते यंत्राकडून करून घेण्याची पाळी त्याच्यावर आली.

अर्थात हे यंत्र नवं नाही. इजिप्तमध्ये विटा-मातीच्या मोठ्या भट्ट्यांमध्ये हजारो अंडी एकाच वेळी उबवण्याची विद्या दोन हजार वर्षांहून जुनी आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी अठराव्या शतकात तिच्याविषयी सविस्तर लिहिलं. तिथल्या जाणत्या कारागिरांकडे थर्मामीटर नव्हता. ते अंडं उचलून डोळ्याच्या पापणीला लावत आणि तिथल्या नाजूक कातडीला जे जाणवेल त्यावरून विस्तव वाढवत किंवा कमी करत.

आपल्याकडे थर्मामीटर आहे, पण त्याच्यावर आंधळा विश्वास ठेवायचा नाही. स्वस्त थर्मोस्टॅटचा सेन्सर एखादा अंश सहज चुकवतो आणि इथे एक अंश म्हणजे फार मोठं अंतर. ३६.५ ला पिल्लं एक-दोन दिवस उशिरा आणि अशक्त निघतात. ३८.५ च्या वर सलग राहिलं तर लवकर निघतात, पण पाय वाकडे, बेंबी उघडी. अंड्यांच्या उंचीवर, पंख्याची हवा फिरत असताना, ताप मोजायच्या घरच्या थर्मामीटरने सेन्सरचा आकडा पडताळून घ्यावा. त्याची पट्टी ३५ ते ४२ अंशांची असते, म्हणजे नेमकी आपल्याला हवी तीच.

आत काय चाललेलं असतं

अंडं पेटीत ठेवल्यापासून दुसऱ्या दिवशी, अजून रक्तही नीट तयार झालेलं नसताना, हृदय धडकू लागतं. डोकं म्हणावं असं काही नसतं, पंख नाहीत, पाय नाहीत. एक वळलेली नळी मात्र ठेका धरते. ती पुढचं सगळं आयुष्य थांबत नाही. तेवीसशे वर्षांपूर्वी अरिस्टॉटलने कोंबडीखालची अंडी एकेक दिवसाच्या अंतराने फोडून पाहिली आणि तिसऱ्या दिवशी पांढऱ्यात एक रक्ताचा ठिपका उडताना दिसतो, असं लिहून ठेवलं. जगात गर्भाचा अभ्यास ज्या निरीक्षणांपासून सुरू झाला, त्यांतलं हे एक.

चौथ्या-पाचव्या दिवशी डोळ्यांचा काळा रंग दिसू लागतो. सातव्या दिवशी रात्री खोलीतला दिवा मालवावा आणि अंड्याच्या रुंद टोकाला मोबाईलचा टॉर्च लावावा. कवच लालसर उजळतं, मध्ये एक काळा ठिपका आणि त्याच्यापासून चहूबाजूंना फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या. थोडा धीर धरला तर ठिपका हललेलाही दिसतो. ज्या अंड्यात काही दिसत नाही, नुसता पिवळसर उजेड, ते बहुधा फलितच नव्हतं. एक लाल कडं दिसलं तर गर्भ काही दिवस वाढून गेला. अशी अंडी तेव्हाच काढावीत. पुढे ती पेटीच्या उबेत सडतात, कधी फुटतात आणि आजूबाजूच्यांनाही धोक्यात आणतात.

याच सुमारास चोचीच्या टोकावर एक टणक कण उगवतो, अंडदंत. त्याचं काम एकदाच, अगदी शेवटी. पंधरवड्यात पिसं आणि नख्या येतात. कवचातलं कॅल्शियम विरघळून रक्तात उतरतं आणि पिल्लाची हाडं घडतात. निघालेल्या पिल्लाच्या अंगातलं बहुतेक कॅल्शियम कवचातून आलेलं असतं. घराची भिंतच त्याचा सांगाडा होते, आणि ती पातळ झाल्यामुळे फोडायलाही सोपी जाते.

आठवड्यागणिक काय घडतं हे आज इतकं नेमकं ठाऊक आहे याचं कारण, कोंबडीचं अंडं ही जीवशास्त्राची सर्वांत स्वस्त प्रयोगशाळा राहिली आहे. १९५१ मध्ये व्हिक्टर हॅम्बर्गर आणि हॉवर्ड हॅमिल्टन यांनी अंड्यातल्या वाढीचे ४६ टप्पे आखून दिले. ते आजही वापरतात. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांमुळे विद्यापीठाचं दार बंद झालेल्या रीता लेव्ही-माँताल्चिनी यांनी इटलीत ट्यूरिनच्या घरी, आपल्या झोपण्याच्या खोलीत, अंड्यांमधल्या गर्भांवर काम सुरू केलं. हत्यारं म्हणून शिवणाच्या सुया घासून धारदार केल्या होत्या. मज्जातंतू कसे वाढतात हा त्यांचा प्रश्न होता. त्याच वाटेने पुढे मज्जातंतूंची वाढ घडवणारा घटक सापडला आणि १९८६ चं नोबेल पारितोषिक मिळालं. घरातली एक छोटी उबवणी पेटी कुठवर नेऊ शकते, याचं हे खरं उदाहरण आहे.

कवच आणि वऱ्हाडची हवा

साठ ग्रॅमच्या अंड्याच्या कवचाला साधारण दहा हजार सूक्ष्म छिद्रं असतात. २१ दिवसांत त्यांतून सुमारे सहा लिटर ऑक्सिजन आत जातो, साडेचार लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि अकरा लिटर पाण्याची वाफ उडून जाते. मुठीत मावणारं अंडं एवढी हवा इकडची तिकडे करतं आणि त्यासाठी काहीही हलवत नाही. छाती नाही, भाता नाही, वायू आपापल्या दाटीप्रमाणे छिद्रांतून ये-जा करतात. दारात ठेवलेला माठ जसा पाझरून हवेला पाणी देत राहतो, तसंच अंडंही देतं आणि माठासारखंच ते किती देईल हे हवेवर ठरतं.

हे पाणी जाणं नुकसान वाटतं, पण ते गेलंच पाहिजे. गर्भ बलकातली चरबी जाळून जगतो आणि चरबी जळली की साधारण तिच्याच वजनाइतकं पाणी तयार होतं. ते बाहेर पडलं नाही तर पिल्लू आपल्याच पाण्यात बुडेल. शिवाय गेलेल्या पाण्याच्या जागी रुंद टोकाशी हवेचा कप्पा वाढत जातो. शेवटी पिल्लाचा पहिला श्वास तिथलाच असतो. १८ व्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन १२ ते १३ टक्के घटलं तर सगळं जागेवर आहे असं समजावं. फार घटलं तर पिल्लू पापुद्र्यात कोरडं होऊन अडकतं, कमी घटलं तर फुगून गुदमरतं. त्यासाठी पहिल्या १८ दिवसांत पेटीतली आर्द्रता ५० ते ५५ टक्के हवी.

आता वऱ्हाडची हवा या पेटीत आणून बघू. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा ३७.५ पर्यंत तापवल्यावर तिची आर्द्रता आपोआप ५२-५३ टक्क्यांवर येते. हवेतली वाफ तेवढीच राहते, पण तापलेल्या हवेला जास्त वाफ सामावता येते, म्हणून टक्का उतरतो. वऱ्हाडचा पावसाळा अंड्याला हवी तेवढीच ओल स्वतःहून घेऊन येतो. त्या दिवसांत पाण्याची वाटी भरून ठेवणं म्हणजे पिल्लांना बुडवणं. मे महिन्याच्या दुपारी बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ३७.५ अंशांवर आणलेल्या त्या हवेची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास भरते. आणि डिसेंबरच्या रात्री, १५ अंश आणि ६० टक्के असताना? थंडीत हवा दमट वाटते, पण तापवल्यावर तीच १६ टक्क्यांवर येते. पेटीच्या आत वऱ्हाडचा हिवाळा मे महिन्याहूनही कोरडा असतो! या दोन्ही ऋतूंत रुंद तोंडाचं पाण्याचं भांडं हवं. पाण्याची खोली महत्त्वाची नाही, पाण्याचा पृष्ठभाग महत्त्वाचा. ओला स्पंज टाकला की तो वाढतो.

उंचीही इथे आपला वाटा उचलते. अकोला समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास आहे, चिखलदरा अकराशे मीटरच्या वर. वर हवेचा दाब कमी, म्हणून तेवढीच आर्द्रता असली तरी चिखलदऱ्याच्या पेटीतलं अंडं अकोल्यातल्या अंड्यापेक्षा थोडं जलद पाणी गमावतं. मेळघाटातल्या घरात उबवणाऱ्याने पाण्याच्या भांड्यात त्याची भरपाई करायची.

मे महिना आणि टिटवी

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. मे महिन्यात वऱ्हाडात उष्णतेची कमतरता नाही, पण ती दुपारी ४४ आणि पहाटे ३० अशी झुलते, आणि अंड्याला अर्ध्या अंशाच्या आत राहणारी ऊब हवी असते. पेटीतला थर्मोस्टॅट फक्त बल्ब लावू आणि विझवू शकतो. बाहेर ३७.५ च्या वर गेलं की तो बल्ब विझवतो, आणि त्यापुढे त्याच्या हातात काहीच उरत नाही. उबवणी यंत्र तापवतं. थंड करत नाही. दुपारच्या पत्र्याखालच्या खोलीत पेटी ४१ वर जाते आणि गर्भ दगावू लागतात.

गर्भ थंडी बरीच सोसतो, अतिउष्णता सोसत नाही. लोडशेडिंगमुळे दोन तास वीज गेली आणि अंडी तिशीपर्यंत उतरली तर बहुतेक वाचतात, फक्त उशीर होतो. अंडं मुख्यतः पाणी आहे, ते हळू थंड होतं. हिवाळ्यात वीज गेली की झाकण उघडायचं नाही आणि पेटीवर गोधडी टाकायची. मे महिन्यात मात्र उलट: वीज गेली की पेटीच्या झडपा उघडायच्या आणि पेटी घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात न्यायची. शेवटच्या आठवड्यात जास्तच सावध राहायचं, कारण तेव्हा गर्भ स्वतः उष्णता तयार करतात. पन्नास अंडी एकमेकांना तापवू लागतात आणि पेटी बल्बशिवायही चढत जाते.

यावर वऱ्हाडातल्या घराघरांत एक उपाय तयारच आहे: वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांचा कूलर. कोरड्या हवेत तो खोली तिशीच्या आसपास आणतो आणि हवा ओलीही करतो. बाहेरची ४४ अंशांची कोरडी दुपार पेटीला ३० अंशांची दमट खोली बनून भेटते. आता बल्बला पुन्हा काम उरतं आणि थर्मोस्टॅटच्या हातात सूत्रं येतात. एका गार खोलीतल्या गरम पेटीत अंडं सुखाने राहतं.

हेच काम वऱ्हाडच्या उघड्या रानात एक पक्षी कुठल्याही खोलीशिवाय करतो. टिटवी मार्च ते ऑगस्टदरम्यान नांगरून पडलेल्या काळ्या रानात, खड्यांमध्ये, उघड्यावर चार अंडी घालते. मे महिन्याच्या दुपारी त्या जमिनीचा पृष्ठभाग ५० अंशांच्या पुढे जातो. टिटवी तेव्हा अंड्यांना ऊब द्यायला बसत नाही, सावली द्यायला उभी राहते. जवळच्या डबक्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि परत येऊन तो ओलावा अंड्यांवर धरते. पाणी उडतं आणि अंडी गार राहतात. नर-मादी दोघं आळीपाळीने हे करतात. कूलरच्या खोलीत पेटी ठेवणारा माणूस नकळत टिटवीच्याच मार्गाने चाललेला असतो.

शेवटचे तीन दिवस

अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद करायचं, आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्यायची आणि झाकण बंद ठेवायचं. आत पिल्लू आता डोकं रुंद टोकाकडे आणि चोच उजव्या पंखाखाली, अशा स्थितीत आलेलं असतं. कवचाच्या छिद्रांतून येणारा ऑक्सिजन त्याला पुरेनासा होतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि मानेमागचा एक खास स्नायू, जो याच कामासाठी फुगलेला असतो, झटके देऊ लागतो. अंडदंत पापुद्रा फाडून हवेच्या कप्प्यात शिरतो. फुप्फुसं पहिल्यांदा भरतात. आणि कवच अखंड असताना आतून चिवचिव ऐकू येते.

पिल्लं कवचातूनच एकमेकांचं ऐकतात. १९६० च्या दशकात मार्गारेट व्हिन्स यांनी लाव्यांच्या अंड्यांवर दाखवून दिलं की एकमेकांना टेकलेली अंडी आतून टकटक आवाज करतात आणि त्यावरून मागे असलेली पिल्लं वेग वाढवतात, म्हणजे सगळी एकत्र बाहेर येतील. खुडूक कोंबडीही या काळात अंड्यांशी हळू आवाजात बोलते आणि आतून उत्तर येतं.

मग कवचाला पहिला तडा जातो. इथे बघणाऱ्याचा धीर सुटतो, कारण पुढचे बारा ते चोवीस तास जवळजवळ काहीच होताना दिसत नाही. खरं तर याच वेळात सर्वांत मोठं काम होतं. कवचाच्या आतून पसरलेल्या रक्तवाहिन्यांतलं रक्त पिल्लाच्या अंगात परत ओढलं जातं आणि उरलेला बलक पोटात घेतला जातो. या वेळी मदत म्हणून कवच सोलायला गेलं तर रक्तस्राव होतो. झाकण उघडलं की ओली हवा निघून जाते आणि पापुद्रा कातड्यासारखा आवळतो. सगळं आत गेल्यावरच पिल्लू स्वतःभोवती फिरत कवचाला गोल चीर पाडतं, पाय ताणतं आणि टोपण उडवतं.

पोटातला तो बलक त्याला पहिले दोन-तीन दिवस पुरतो. एक दिवसाची पिल्लं डब्यांत भरून दाणापाण्याशिवाय दूरदूर पाठवता येतात ती त्यामुळेच. आपण त्यांना अंग कोरडं होऊन फुलेपर्यंत पेटीत राहू द्यावं, मग ३५ अंशांच्या ऊबदार खोक्यात हलवावं आणि दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्यावं. मे महिन्यात दिवसा त्यांना बल्ब लागत नाही, पहाटे लागतो. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस पहिल्या आठवड्यात द्यायची. आजूबाजूच्या गावरान कळपात हा रोग आला की लस न दिलेलं क्वचितच वाचतं. पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेत याविषयी विचारायला संकोच करू नये. आणि पेटी सुरू करण्याआधीच एक गोष्ट ठरवावी: निघणाऱ्या पिल्लांपैकी निम्मे नर असतील. त्यांना जागा, दाणा आणि घर कोण देणार?

अंड्यातच शिकलेला उन्हाळा

उष्णतेविषयीचा एक नवा धागा वऱ्हाडासाठी फार महत्त्वाचा ठरू शकतो. इस्रायलमधल्या संशोधकांनी कोंबडीच्या अंड्यांना सातव्या ते सोळाव्या दिवसापर्यंत रोज बारा तास ३९.५ अंश उष्णता आणि जास्त आर्द्रता देऊन पाहिली. त्यातून निघालेले पक्षी मोठेपणी कडक उन्हाळा जास्त चांगला सोसतात असं दिसलं. ऑस्ट्रेलियात झेब्रा फिंच नावाच्या पक्ष्याचे आईबाप कडक उन्हात अंड्यांजवळ एक विशेष आवाज काढतात आणि तो ऐकलेली पिल्लं उष्ण दिवसांना साजेशी, लहान अंगाची वाढतात. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे पिल्लू बाहेरचा ऋतू कवचाच्या आत असतानाच शिकू लागतं. वऱ्हाडच्या पंचेचाळीस अंशांत शतकानुशतकं टोपल्यात निघत आलेल्या गावरान पिल्लांनी काय काय शिकून घेतलं असेल, हा प्रश्न इथल्याच प्रयोगशाळांनी आणि इथल्याच मुलांनी विचारायचा आहे.

ज्यांना पहिल्यांदा अंडी उबवायची आहेत त्यांनी मे टाळावा आणि जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतचे दिवस निवडावेत. तेव्हा वऱ्हाडची हवा ओलीचं काम स्वतः करते, उष्णता फक्त सात-आठ अंशांनी वाढवायची असते आणि पेटी जवळजवळ आपोआप सांभाळली जाते. डझनभर अंडी, एक वही, आणि ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा काटा घ्यावा. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने क्रमांक घालून रोज एकाच वेळी वजन लिहावं. साठ ग्रॅमचं अंडं रोज साधारण ०.४ ग्रॅमने हलकं होत जाईल. झड लागलेल्या दिवसांत आकडा कमी उतरेल, उघडीप मिळाली की जास्त. पाऊस, वाफ, उष्णता, श्वास आणि हृदय हे शाळेच्या पुस्तकातले वेगवेगळे धडे त्या वहीत एकाच रांगेत येऊन बसतील. मुलांना ते तसे एकत्र बघायला मिळावेत म्हणून वऱ्हाडातल्या प्रत्येक शाळेत पावसाळ्यात एक तरी पेटी चालू असावी.